म्हाकूबाईच्या खुब्यातला खिळा

माझी भाची मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. परवा सुटीला आली तेव्हा मोठ्या उत्साहानं सांगत होती, "मावशी, आता परदेशात झिजलेला खुबा काढून टाकतात आणि त्या जागी अख्खा धातूचा बसवतात. आमच्याकडेही सुरू होतंय. माणूस चालत घरी जातं!" मी थक्क होईन अशी तिची अपेक्षा असावी. मी विचारलं, "आणि पुढं तो दुखायला लागला तर?" ती म्हणाली, "होतं तसं कधीकधी. सैल होतो. आजूबाजूचं मांस काळं पडतं. पण तुला गं कसं माहीत?"

त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा सोलापूरच्या एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डाची सिस्टर होते, आणि ऑपरेशनच्या वेळी हत्यारं हातात द्यायलाही मीच उभी राहायची. गिरण्यांच्या भोंग्यांवर आमच्या पाळ्या बदलत. पट्ट्यात बोटं गेलेले कामगार, बैलानं शिंग मारलेले शेतकरी, चिंचेवरून पडलेली पोरं असं सगळं आमच्याकडे यायचं, आणि रक्ताला मी कधी घाबरले नाही. मला भीती वाटायची ती खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, मांडी घालतो. त्या गोळ्याखाली हाडाची मान बारीक असते, आणि वय झालं की ती खडूसारखी ठिसूळ होते. म्हातारं माणूस न्हाणीत घसरतं, उठायला जातं आणि पाय उचलतच नाही. तळपाय बाहेर वळून पडलेला, पाय आखूड झालेला. खाट दारातून आत आली की मी पाय बघूनच ओळखायची. तेव्हा इलाज एवढाच होता: पायाला वजन टांगायचं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि महिनोन् महिने उताणं झोपवून ठेवायचं. त्या मानेला रक्तच कमी मिळतं, त्यामुळे हाड सहसा सांधत नसे. पाठीला जखमा पडत. आम्ही स्पिरिट चोळायचो, पावडर लावायचो, चादरीची एक चुणी राहू द्यायचो नाही. तरी एके सकाळी छाती घुरघुरायला लागायची, आणि घरच्यांना बोलावून घ्यायची वेळ यायची. किती म्हाताऱ्यांनी माझा हात धरून विचारलं असेल, "बाई, मी उठंन ना?" आणि मी दर वेळी "उठाल की" म्हणायची.

अशा दिवसांत डॉ. निमकर विलायतेहून शिकून आले. ठेंगणे, चपळ, तोडून बोलणारे. काळजीत असले की चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसत बसायचे. कोट बघूनच दिवस कसा गेला ते कळायचं. त्यांनी एका पत्र्याच्या डब्यातून खिळे आणले होते. बोटभर लांब, तीन पाकळ्यांचे, आरशासारखे चकचकीत, न गंजणाऱ्या पोलादाचे. मांडीच्या बाहेरच्या बाजूनं छेद घ्यायचा, एक्स-रे बघत बघत खिळा मानेतून थेट गोळ्यात ठोकायचा. दोन तुकडे एकत्र धरले गेले की माणसाला खाटेवर जखडून ठेवायला नको. आठवड्यात उठवून बसवता येतं. ते सांगत होते आणि मला माझ्या वॉर्डातल्या सगळ्या रिकाम्या झालेल्या खाटा आठवत होत्या.

"सिस्टर, पहिला पेशंट कोण मिळतो बघू," ते म्हणाले.

मिळाली ती म्हाकूबाई. सांगोल्याकडची धनगरीण. मेंढरं ओढ्यात उतरताना एडक्यानं धडक दिली आणि ती खडकावर आपटली. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या बांधल्या होत्या. त्यानं काही होईना म्हणून बिरू, तिचा मुलगा, तिला बैलगाडीनं आणि मग आगगाडीनं घेऊन आला. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. इतक्या प्रवासात तिनं हूं की चूं केलं नव्हतं, पण खालचा ओठ चावून चावून फाटला होता.

डॉक्टरांनी खिळा तिच्या हातात दिला आणि सगळं समजावलं. तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो माज्यात घालणार?"

"हो."

"आन् तसाच ठिवणार?"

"राहिला तर जन्मभर राहू दे."

बिरू मागं उभा होता. तो म्हणाला, "डाक्तरसाब, आमी उघड्यावरची मानसं. पावसाळ्यात माळावर असतोय. लोखंडावर ईज पडती म्हंत्यात. आईच्या अंगात लोखंड असलं तर?"

मला हसू आलं, पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या खांद्यावर कुऱ्हाड असते ना माळावर?"

"व्हय."

"ती या खिळ्यापेक्षा मोठी आहे. तिच्यावर कधी वीज पडली?"

बिरूनं जरा विचार केला. "न्हाय."

म्हाकूबाईनं खिळा परत दिला. "मेंढरांमागं चालता यील का, येवडंच सांगा."

"येईल असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "येईलच" असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या नीट लक्षात आहे.

ऑपरेशन लांबलं. हाडाची मान मोडलीच होती, पण खाली मांडीच्या हाडालाही चीर गेली होती, ते एक्स-रेत नीट दिसलं नव्हतं. खिळा ठोकला तरी हाताला हालचाल लागत होती. नुसत्या खिळ्यानं भागणार नाही, बाजूनं एक धातूची पट्टी लावून स्क्रूनं आवळायला हवी. डॉक्टरांनी आणलेल्या सामानात पट्टी नव्हती. इस्पितळात एक जुनी पेटी होती, आम्हा दोघांच्याही आधीपासूनची. तीत हाडाच्या पट्ट्या आणि स्क्रू होते. मी ते उकळून दिले. पट्टी खिळ्याच्या डोक्याला टेकवून बसवली, आवळली, आणि पाय खांबासारखा स्थिर झाला. डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं काढलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसत होते.

पुढचे काही आठवडे आमच्या वॉर्डात जत्राच होती. म्हाकूबाई उशीला टेकून बसायला लागली. पाठीला एक ओरखडा नाही. मग कुबड्या घेऊन उभी राहिली. बाहेरच्या बायका येऊन तिच्या मांडीला हात लावून बघत. बिरूचा एक चुलता तर कुठूनसा लोहचुंबक घेऊन आला आणि पातळावरून मांडीला लावून बसला. एवढ्या मांसातून चुंबक काही चिकटेना, तेव्हा त्यानं डॉक्टरांकडे संशयानं बघितलं, "आत काय घातलंच न्हाय जनू!" डॉक्टरांनी बिचाऱ्याला एक्स-रेची काच दाखवून गप्प केलं. निघताना म्हाकूबाई माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत म्हणाली, "पोरी, माळावर ये कवातरी. दूध प्यायला."

त्यानंतर लवकरच राजय्याला खिळा बसवला. राजय्या पद्मशाली विणकर, घराच्या जिन्यावरून पडलेला. त्याच्या हाडाची मान सरळ मोडली होती, त्यामुळे पट्टीची गरज पडली नाही. तोही उठून घरी गेला. डॉक्टर आता चष्मा डोळ्यांवरच ठेवायला लागले होते.

उन्हाळा सरत आला असेल. दुपारी मी औषधं वाटत होते आणि दारातून खाट आत आली. खाटेवर म्हाकूबाई होती.

"काय झालं?" मी धावलेच.

"ठनकतंय," ती म्हणाली. "आत कुनीतरी उंदीर सोडल्यावानी कुरतडतंय. चालाय लागले हुते बाई, चांगली मेंढरांमागं जात हुते. मग रातचं ठनकाय लागलं. आता दिवसा बी."

मांडी सुजली होती. हात लावला तर गरम. मी ताप बघितला, ताप नव्हता. जखमेचा व्रण कोरडा. पू असता तर निदान काय झालंय ते कळलं असतं. हे काहीतरी वेगळंच होतं.

एक्स-रे काढला. डॉक्टर आणि मी अंधारखोलीतून ओली काच घेऊन खिडकीशी आलो. खिळा होता तिथून बाहेर सरकला होता. प्रत्येक स्क्रूच्या भोवती हाड विरघळल्यासारखी काळी कड दिसत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. खूप वेळ पुसत राहिले.

"सिस्टर, राजय्याला कधी बघितलं आपण?"

माझ्या मनातही तेच आलं होतं. खिळाच अंगाला मानवत नसेल तर? तर मग राजय्याच्या मांडीतही हेच चाललं असेल, आणि तो गप्प बसला असेल. विणकर माणूस, माग बंद पडेल या भीतीनं दुखणं सांगायचाच नाही. आणि आमच्या यादीत आणखी दोघी होत्या, ज्यांना पुढच्या पंधरवड्यात खिळे बसवायचे ठरलं होतं. एक तर रोज विचारायची, "माझा नंबर कधी?"

त्याच दिवशी मी टांगा करून राजय्याच्या घरी गेले. शहराच्या पूर्वभागातल्या त्या गल्ल्यांत सगळ्या घरांतून मागांचा खटखटाट चालला होता. राजय्याच्या दाराशी पोचले आणि त्याच्या घरातून आवाज येत नव्हता. आत गेले तर तो मागाच्या खड्ड्याशी बसून तुटलेला धागा सांधत होता.

"नर्सम्मा!" तो घाईघाईनं उठायला लागला.

"उठू नका. पाय कसा आहे? खरं सांगा. दुखतो?"

"एमी लेदु, अम्मा. काही नाही."

"काही नाही म्हणू नका. रात्री ठणकतो का?"

त्याची बायको आतून आली आणि मधेच म्हणाली, "दुखत असता तर मला झोपू दिलं असतं का त्यांनी? ताप आला तरी घर डोक्यावर घेतात."

मी मांडी चाचपली. थंड होती. सूज नाही. दाबलं तरी तो कण्हला नाही. दोन्ही पायांनी मागाच्या पावड्या दाबून दाखवल्या त्यानं. परत येताना टांग्यात मला रडू आलं, ते सुटकेचं की म्हाकूबाईसाठीचं, मला सांगता येणार नाही.

मी सांगितलं ते ऐकून डॉक्टर खुर्चीवर बसले. "दोघांत फरक काय? खिळा तोच, एकाच डब्यातला. फरक पट्टीचा." मग म्हणाले, "पट्टी आणि स्क्रू वेगळ्या धातूचे आहेत, सिस्टर. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, आणि भोवती शरीरातलं खारट पाणी. बॅटरीत दुसरं काय असतं?"

ते बरोबर असो की चूक, मांडी पुन्हा उघडावी लागणार होती. उघडली नाही तर हाड खाल्लं जाईल, पाय जाईल. उघडली आणि जंतू शिरले तर त्या काळी आमच्या हातात लोशनं आणि नशीब याशिवाय काही नव्हतं. आणि हाड सांधलं नसेल तर पट्टी काढताक्षणी म्हाकूबाई पुन्हा पहिल्या जागेवर येणार होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी म्हाकूबाईला आणि बिरूला सांगितलं. बिरू ऐकून घेत होता तोवर त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली होती.

"म्हंजी तुमी आमच्या आईवर शिकलात व्हय?"

डॉक्टर रागावतील, उठून जातील असं मला वाटलं. विलायतेहून आलेल्या डॉक्टरला वॉर्डात असं कुणी बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"काही अंशी, हो," डॉक्टर म्हणाले. "खिळ्याबद्दल मला माहीत होतं. पट्टीबद्दल हे माहीत नव्हतं. बहुधा दोन जातींचे धातू एकत्र आल्यामुळे हे झालंय. पट्टी मी घातली. ती मीच काढायला हवी. पण तुझा विश्वास नसेल तर मी मुंबईला चिठ्ठी देतो, तिकडच्या मोठ्या सर्जनकडे घेऊन जा."

बिरू मुठी आवळून खिडकीबाहेर बघत राहिला. म्हाकूबाई पडल्या पडल्या डॉक्टरांकडे बघत होती.

"आन् काढताना मी मेले तर?"

डॉक्टरांच्या आधी मीच म्हणाले, "तसं होऊ नये म्हणून जेवढं करता येतं तेवढं आम्ही करू, म्हाकूबाई. पण होणारच नाही असं मी सांगत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी "उठाल की" म्हटलं नाही.

ती बिरूला म्हणाली, "मंबईला कोन वळखीचं हाय आपलं? हितं निदान ही पोर तरी हाय." आणि डॉक्टरांना म्हणाली, "काढा."

उघडलं तेव्हा मी माझ्या नोकरीत तोवर कधी न बघितलेलं बघितलं. पू नव्हता, वासही नव्हता. पट्टीभोवतीचं मांस शाई सांडल्यासारखं काळंनिळं झालं होतं. स्क्रू खरवडल्यासारखे खड्डे पडून बारीक झाले होते. एक तर डॉक्टरांनी नुसता चिमट्यात धरला आणि तो हातात आला. खिळा मात्र जिथं पट्टीला टेकला होता तेवढाच डागाळला होता, बाकी तसाच लखलखीत. डॉक्टर एकेक तुकडा माझ्या हातातल्या भांड्यात टाकत होते. भांड्यात तो खणखण वाजे आणि दर वेळी मला वाटे, आता पाय लुळा पडणार. सगळं काढून झाल्यावर त्यांनी पाय हळूच हलवला. हाड धरून राहिलं होतं. वेडंवाकडं, जाडं, पण सांधलेलं.

"देवा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी एरवी ऐकला नव्हता.

पण भीती तिथं संपली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढला, जखम लाल झाली आणि पाणी सुटलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ जखम लोशननं धुवायची, आत भिजवलेली कापडाची पट्टी भरायची, ती काढताना म्हाकूबाई पुन्हा ओठ चावायची. बिरू माझ्याशी बोलत नसे. पण मी ड्रेसिंगचं तबक घेऊन आले की न सांगता आईचं डोकं मांडीवर घेऊन बसायचा. ताप उतरे, आम्ही सुस्कारा टाकायचो, पुन्हा चढे. त्या दिवसांत मी घरी जेवायला बसले तरी लाल चट्टा आज कालच्यापेक्षा वर सरकला होता का, एवढंच डोक्यात फिरे. डॉक्टरांनी त्या दोघी बायकांची ऑपरेशनं पुढं ढकलली होती. त्यातली एक छाती भरून गेली. तिला धातूची पट्टी लागलीही नसती, नुसता खिळा पुरला असता. हे आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

मग एके सकाळी ड्रेसिंग काढलं आणि आतलं मांस गुलाबी दिसलं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. बिरूला खुणेनं बोलावलं आणि दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "कोकराच्या जिभंगत दिसतंय." कितीतरी दिवसांत तो माझ्याशी बोललेला पहिलाच शब्द होता.

म्हाकूबाई वाचली. पाय आखूड राहिला. काठी टेकत, एका अंगावर झुकत चालायला लागली. पण मेंढरांमागं माळ तुडवणं संपलं. बिरू जाताना डॉक्टरांच्या पाया पडला नाही. नुसता हात जोडून गेला, आणि मला ते बरोबरच वाटलं. पुढं डॉक्टरांनी त्या जुन्या पेटीतलं सगळं सामान बाजूला काढलं, आणि एकाच पोलादाचा खिळा, पट्टी आणि स्क्रू विलायतेहून मागवले. ते आल्यावर त्यांनी कितीतरी माणसं उभी केली. तरी दर वेळी टाके काढताना माझ्या डोळ्यांसमोर तो शाईसारखा रंग यायचा.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं एक बैलगाडी दारात उभी राहिली. गाडीतून आधी काठी खाली आली, मग म्हाकूबाई. मागं तिची जाऊ आडवी पडली होती, तळपाय बाहेर वळलेला.

जाऊ रडत होती. "मला नगं घालायला. हिचं काय झालं त्ये बघितलं न्हाय का आमी?"

डॉक्टर बाहेर आले आणि तिथंच थांबले.

म्हाकूबाईनं गाडीला धरून तोल सांभाळला. "माज्यात चुकलं," ती जावेला म्हणाली. "लई हाल झालं. खोटं कशापायी बोलू? पर चुकल्यावर ह्यो मानूस तोंड चुकवून पळाला न्हाई. समोर उभा ऱ्हाऊन सांगितलं, माजं चुकलं म्हनून. तुला आनलं त्ये त्येच्यासाठनं आनलं. फुडं पाय तुजा, तूच बघ."

जावेनं डोळे पुसले. डॉक्टरांना म्हणाली, "ह्या बारीला तुमाला समदं ठावं हाय का?"

"सगळं नाही," डॉक्टर म्हणाले. "मागच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

तिनं डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी या वेळीही "उठाल की" म्हटलं नाही. मग आम्ही उचलून घ्यावं म्हणून तिनं दोन्ही हात पुढं केले.